बाटली वापस

हिशेब असा आहे:
दोन निळी पानं, सरड्याचा एक अश्रू,
चिमूटभर चमकतं मीठ. सात मोहरा.
ह्याचा तेज-रस होतो,
पिणाऱ्याचा हात दहा मिनिटं दुप्पट चालतो.
पण रस काही ओंजळीत विकता येत नाही.

काचेची कुपी नऊ मोहरा.
आतल्यापेक्षा बाहेरचं महाग.
त्यात पाचातला एक रस फसतो,
फसला की कुपीसकट जातो.
पाच करावे, ऐंशी घालावे,
चार विकावे एकोणिसानं, शहात्तर यावे.
हा चार मोहरांचा घाटा
मी आठवडाभर फायदा समजून करत होते.

मातीची कुपी दोनच मोहरा.
पण मातीतून तेज झिरपतं,
दहाची पाच मिनिटं होतात,
गिऱ्हाईक बाराच्या वर चढत नाही.
पाचामागे तीन सुटतात.
तीन.
लाईट नसलेल्या रात्री, बॅटरी बारा टक्के, आणि तीन.

हे सगळं मी मारेगावच्या रस्त्याला
टिनाच्या दुकानामागं
सोड्याच्या पालथ्या क्रेटवर बसून मांडते,
तिथंच मोबाईलला दोन काड्या येतात.
मे महिना. टिन अजून दुपारचं बोलतं,
थंड होताना टक, टक.
वही दुकानाचीच.
एका बाजूनं बाबांचं: लिंबू, ग्यास, बर्फाची लादी.
उलटी धरली की माझं.
कुठंतरी मधल्या पानावर आमचे आकडे समोरासमोर येतील,
अजून पानं बाकी आहेत.

बाबा बाटल्या विसळत होते.
हिरव्या, जाड, गळ्याला चिमटा काढलेल्या.
हलवली की आतली गोटी खळखळते,
त्या आवाजात मी मोठी झाले.
"काय पुटपुटून रायली एवढं?"
सांगितलं. पानं, सरडा, कुपी, फसणं.
सरड्याला ते हसले नाहीत.
ज्याचा धंदा काचेत कोंडलेल्या गोटीवर चालला
त्याला सरड्याच्या अश्रूचं काय नवल!
हलवणं थांबलं.
"बाटली वापस येते का वं?"

नाही येत.
रस संपला की रिकामी कुपी
पिणाऱ्याच्या झोळीत पडून राहते,
जागा अडवते, म्हणून फेकतात.

"मंग तू रस नाई इकत.
बाटली इकून रायली."

आणि पुन्हा खळखळ.
मग स्वतःशीच: वणीकडची एक वरात,
चाळीस बाटल्या घेऊन गेली, उद्या देतो म्हणून.
दुसऱ्या दिवशी सायकलनं कायरपर्यंत जाऊन
एकतीस आणल्या.
"नऊ अजून तिकडंच हायेत.
एकीत कोणी रॉकेल ठेवत असन."
हे त्यांनी असं सांगितलं
जसे लोक परदेशी गेलेल्या भावाबद्दल सांगतात.

त्या रात्री मी खेळातल्या माझ्या दुकानाची पाटी बदलली:
तेज-रस, काचेतला, एकोणीस.
रिकामी कुपी आणाल तर तीन वापस.

लोक हसले.
ताई, भंगार पण घेता का?
कोणी तलवार ठेवली समोर, मोडकी, किती देता म्हणून.
तीन रात्री काहीच नाही.
चौथ्या रात्री दोनच्या सुमारास
"उंदरीघाट ७७" नावाचा एक हिरवा टोपीवाला आला,
सहा कुप्या मांडल्या, ओळीत,
अगदी क्रेटमधल्यासारख्या,
अठरा मोहरा मोजून घेतल्या
आणि न बोलता गेला.

बाबा जागेच होते. बाजेवरून:
"आल्या?"
"सहा."
"तडा पायला का?"
तिथं तडा नसतो बाबा, म्हटलं.
एक तर कुपी असते, नाही तर नसते.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग उठले, टॉर्च लावला,
विसळून ठेवलेल्या बाटल्यांच्या तोंडावरून
एकेक करून अंगठा फिरवला,
आणि त्यातली एक,
मला तरी धडधाकटच दिसणारी,
बाजूला काढून ठेवली.