भोंगा कपेलापाशी

इराप्पाच्या सायकलचा भोंगा
आधी कपेलापाशी वाजतो,
मग मिंगेलच्या वळणावर,
मग पाणंदीत, मग माझ्या फाटकाशी.
चार पोंक.
दिवाडी बेटावर सकाळ एवढीच लांब.

शिगम्याआधी न्हाणीत पडले. त्यानंतर
चौथा पोंक वाजून विरला तरी
मी आपली खुर्चीतच.
मुलगा मस्कतहून म्हणाला,
फाटकाला पिशवी अडकव, तो टाकून जाईल.
अडकवली.
महिनाभर खाल्ले ते पाव
जे मी दाबून बघितले नव्हते.
एकदा मांजराने माझ्याआधी दाबून बघितले.

मंगळवारी फेरीबोटीने रोझान येते.
माझ्या मांडीवर दोन बोटं टेकवून म्हणाली,
आक्का, हे मांस न विचारता जातं,
पण विचारलं तर परत येतं.
विचारायचं कसं? तर
हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायचं,
बसायचं, उठायचं. दहा वेळा.
पहिल्या दिवशी दोन.
दुसऱ्या दिवशी दोन, आणि एक शिवी.

व्हिनेगरच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून उचलते.
ओट्याला धरून टाचा वर, टाचा खाली,
डाळ शिजेपर्यंत.
डाळ जुनी निघाली तर माझं मरण.
चाळीस वर्षं आदोळीवर बसून नारळ खवले,
खाली बस, ऊठ, मीठ राहिलं, परत ऊठ.
तेव्हा याला कुणी व्यायाम म्हटलं नाही.
मिक्सर आला, ते उठणं-बसणं गेलं,
जाताना सांगूनसुद्धा गेलं नाही.

सांजावाच्या दिवशी कपेलाच्या पोंकला उठले,
पाणंदीच्या पोंकला उंबऱ्यात.
चवथीला तुळशीपर्यंत.
मधे आठ दिवस ताप, की परत उंबरा.

आज मीच आधी.
फाटकाचा खांब धरून उभी,
उजवा गुडघा शिवणयंत्रासारखा.
इराप्पा ब्रेक दाबत म्हणाला, आज्जी, पिशवी कुठाय?
म्हटलं, धुवायला टाकलीय.
टोपलीवरचं निळं प्लास्टिक मीच बाजूला केलं,
अंगठ्याने एकेक पोई दाबली.
ही नको. ही पण नको. ती, खालची.
तो उशीर होतोय म्हणाला.
होऊ दे, म्हटलं.

आता परत जायचं. तीन पायऱ्या,
चढाच्या, आणि त्यांना भोंगा नाही.
पहिलीवर थांबलेय.
पोया गार होतील.