लाल टिकली

टिकल्यांची पानं जिल्ह्याहून येतात.
लाल गोल, हिरवे गोल,
कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात लावायचे.
लाल म्हणजे जोखमीची. लाल म्हणजे नाशिक, सिव्हिल,
तारखेच्या आठ दिवस आधी.

उपकेंद्राच्या भिंतीवरची पट्टी मी चिकटवली
तेव्हा खाली शेणाची जमीन होती.
मग फरशी आली
आणि पाड्यावरच्या साऱ्या बाया एका बोटाने उंच झाल्या.
ते बोट मी रोज वजा करते.

जनी भोये पट्टीवर भरली एकशे एक्केचाळीस.
बोट वजा केलं. एकशे चाळीसच्या आत.
लाल.

"माझी आय माझ्या खांद्याला लागायची,
सहा पोरं झाली तिला," जनी म्हणाली.
सोबत आलेली भिवरी सुईण दारातच बसली होती.
तिने माझ्याकडे न बघता सांगितलं,
"उंबरा ठेंगणा म्हनून दार अरुंद नसतं, बाय."
या वाक्याला कार्डात रकाना नाही.

रकाना नाही झऱ्याच्या वाटेलाही.
दिंडोरीच्या बागेत सातव्या महिन्यापर्यंत
स्टुलावर उभं राहून विरळलेल्या घडांना नाही,
त्या घडांवर आदल्या दिवशी काय मारलं होतं, त्याला नाही.

जनी सावळघाटात बाळंत झाली.
एकशे आठ वळणावर थांबली,
ड्रायव्हर दरीकडे तोंड करून उभा राहिला,
तीन कळा, आणि पोरगी.
नाळेला चिमटा लावेस्तोवर ती मुठी चोखत होती.
मला मेमो आला:
जोखमीची माता वेळेत का हलवली नाही?

तुळसा गावितबद्दल मेमो नाही आला.
चोवीस वर्षं, दुसरी खेप, रक्त अकरा,
उंची बोट वजा करूनही भरपूर.
माझ्याच टेबलावर सुखरूप सुटली,
गुळाचा चहा मागितला.
चहा उकळत होता तेव्हा पहिली चादर भिजली.
मग दुसरी.
माझी मूठ तिच्या पोटावर, सुई दंडात,
गाडी करंजाळीहून निघालेली, निघालेलीच.

तिचं कार्ड माझ्या कपाटात आहे.
टिकली हिरवी.
मी ती काढली नाही. वर दुसरी लावलीही नाही.

नाशकात, झेडपीच्या सभागृहात, पडद्यावर आलं:
जोखीम ओळखा, जीव वाचवा.
आम्ही सगळ्यांनी लिहून घेतलं.
मीही. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.
खोटं नाही ते. पट्टीही खोटी नाही,
रक्तदाबाचं यंत्र तर मुळीच नाही.
त्यांनी किती जणींना वेळेत खाली उतरवलंय,
मीच बसले आहे त्या गाड्यांत.

आज सोमवार.
नवी पोर भिंतीला पाठ लावून उभी आहे,
टाचा जुळलेल्या, श्वास धरलेला,
जणू श्वासानेही उंची वाढते.
"ताई, कोणती लावणार मला?"

मी बोट वजा करते.
पानं तशीच टेबलावर ठेवते
आणि आधी विचारते:
रात्रीची गाडी तुझ्या घरापासून किती लांब थांबते?
घरातला फोन कोणाच्या खिशात असतो?