आखूड दांडा

जुन्या बाजारात, रविवारी,
गंजक्या बिजागऱ्या आणि जोड हरवलेल्या चपलांमधून
उल्हासनं तो उचलला:
अडीच रुपयांचा देव.
मुखपृष्ठ नाही, शेवटची पानं नाहीत,
मधे कुणाच्या तरी कपाची तपकिरी मुद्रा.

तांबट आळीत शिरेपर्यंत
तो त्यानं शर्टाच्या आत, पोटाशी धरलेला.
आमच्या आळीत कुजबुज नव्हती.
गुपितंसुद्धा ओरडून सांगावी लागत.

इंग्रजी दोघांचंही यथातथाच.
म्हणून बोलण्याचे फुगे आम्ही
वहीच्या कागदानं झाकले, खळ लावून,
आणि देवांना आमची भाषा दिली.
एका डोळ्याचा देवबाप
आमच्या कुलकर्णी गुरुजींसारखा बोलला:
मागच्या बाकावरचे राक्षस, हसू नका.
काड्या करणारा देव सगळ्यांना अहोजाहो करी,
म्हणूनच त्याच्यावर कुणाचा विश्वास बसेना.
दोन कावळे दिवसभर जग हिंडून
संध्याकाळी देवबापाच्या कानात सांगत.
त्यांचा फुगा मी कोराच ठेवला.
चुगली काय, कुणालाही कळते.

आवाजांचं मात्र जमेना.
हातोडा पडतो तिथं जी ठळक अक्षरं छापली होती
तसा आवाज आम्ही कुठेच ऐकला नव्हता.
आम्हाला माहीत होते ते असे:
कोऱ्या पत्र्यावर पहिला घाव, ठण्ण.
पोट गोलावू लागलं की ठक् ठक् ठक्.
आणि शेवटी मठार बसताना
टिण् टिण्, चिमणीनं आरसा टोचावा तसा.
देवानं हिमराक्षसाचं टाळकं फोडलं
तिथं उल्हासनं लिहिलं, ठण्ण.
खाली बारीक अक्षरात मी:
घंगाळाला पोचा आला.

आप्पांचा उजवा कान तोवर गेलेला,
डावा जायच्या बेतात.
दुपारी ऐरणीशेजारी बसून
त्यांनी पुस्तक हातात घेतलं, कोपऱ्याला धरून,
बोटांची चिंच लागू नये म्हणून.
बराच वेळ बघत राहिले.
त्या गोष्टीतली वीज
त्यांना आमच्याइतकीच दिसत होती.

मग अंगठा हातोड्यावर ठेवून म्हणाले,
दांडा आखूड आहे.

आम्ही म्हटलं, आप्पा, हा देवाचा आहे,
फेकला की परत हातात येतो,
डोंगर फोडतो.
फोडू दे, म्हणाले. दांडा आखूड आहे.
घडवताना कारागिराला कुणीतरी छळलंय.

रात्री उल्हासनं मला हलवून उठवलं.
चिकटलेली दोन पानं त्यानं वाफेवर सोडवली होती.
आत एक भट्टी. एक बुटका लोहार.
आणि काड्या करणारा देव, माशी होऊन,
त्याच्या पापणीला चावतोय.
डोळ्यात रक्त, भाता क्षणभर थांबलेला,
आणि पुढच्या चौकटीत
आखूड दांडा.

सकाळी आप्पांना दाखवलं.
त्यांना नवल वाटलं नाही.
माशी नसेल, म्हणाले, गिऱ्हाईक असेल.
दिवाळीच्या आत द्या म्हणून उरावर बसलेलं.
मग विचारलं, नाव काय त्याचं?
देवाचं?
नाही रे. घडवणाऱ्याचं.

आम्ही सगळी पानं चाळली. उजेडासमोर धरली.
लांडग्यालासुद्धा नाव होतं.
समुद्राला विळखा घालणाऱ्या सापाला होतं.

शेवट फाटलेला होता, तो आम्हीच काढला.
लांडगा सूर्य गिळतो, तिथून पुढे.
उल्हासला युद्ध हवं होतं, त्यानं अर्धं पान रक्त केलं,
लाल पेन्सिल संपेपर्यंत.
उरलेल्या अर्ध्यात मी
तो बुटका लोहार बसवला.
सगळे देव पडलेले, आकाश काळं,
आणि हा हातोडा मांडीवर घेऊन
नवा दांडा बसवतोय.
लांब.
माशीचं काय केलं ते त्याच्या चपलेखाली दिसतं.

नाव आप्पांनी घातलं. कुठलंही सुचेना,
तर त्यांच्या उस्तादाचं घातलं:
भिकोबा.

पुढच्या रविवारी जुन्या बाजारात
त्याच देवाचा दुसरा एक प्रत दिसली, अख्खी,
शेवटच्या पानासकट.
उल्हासनं उचलली, मागून उघडणार होता,
मग माझ्याकडे बघून
बिजागऱ्यांवर परत ठेवली.
चार रुपये सांगत होता.
महाग होती.