यादीबाहेरचा

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात
लॉर्ना वुकोविच फॉर्म भरायला बसते.
विद्यार्थिसंख्या : वीस.
पायाभूत वाचनचाचणी : सरासरी एकेचाळीस.
तिसरा रकाना विचारतो,
मे महिन्यात ही मुलं कुठे असतील?

ती खिडकीबाहेर बघते.
अ‍ॅश्टब्युला बंदरावरचा पूल उचललेला आहे,
तिच्या वर्गातली दोन मुलं पलीकडेच अडकलीत,
आणि एरी सरोवर शिशासारखं गप्प.
ती लिहिते : ऐंशी टक्के मुलं साठच्या वर.

मुख्याध्यापक हॅस्किन्स वाईट माणूस नाही.
पूर्वी भूमिती शिकवायचा,
अजूनही बोलता बोलता हवेत त्रिकोण काढतो.
"साठ नको, छप्पन्न घाल," तो दार लोटून म्हणतो,
"तुझं अर्धं मूल्यमापन यावर आहे.
निवृत्तीला तीन वर्षं उरली. उगाच उंच उडी कशाला?"
ती छप्पन्न करते.
घरी जाताना, लाल सिग्नलला,
तिला ठरवता येत नाही
आपण नेमकं कुणाला
चार गुणांनी कमी धरलं.

ऑक्टोबरच्या एक तारखेला यादी गोठते.
सरोवर गोठायला अजून तीन महिने.

नोव्हेंबरात, घोटाभर बर्फातून, थेरॉन पिकेट आला.
टोलेडोहून, मावशीकडे, एका पिशवीनिशी.
वय नऊ. वाचता येत नाही हे लपवण्यात तरबेज :
पान बरोबर वेळेला उलटणार,
इतर हसले की अर्ध्या क्षणानं हसणार,
आणि पाळी आली की
"मिस, नाकातून रक्त येतंय."
"हा तुझ्या आकड्यांत नाही," हॅस्किन्सनं धीर दिला.

रोज जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं.
ती वीस मिनिटं खरं तर कडेवरच्या चौघांची होती,
त्रेपन्न-चोपन्नवाल्यांची.
थोडा धक्का दिला की रेषेपार जातील,
असं सगळेच म्हणायचे, प्रशिक्षणातसुद्धा.
लॉर्नानं सँडविच अर्धं खाऊन गुंडाळून ठेवलं
आणि थेरॉनसमोर खुर्ची ओढली.

फेब्रुवारीत तो 'नाइफ'पाशी अडला.
"हा पहिला के कशाला?"
"तो मुका आहे. लिहायचा, म्हणायचा नाही."
"मग काढून का नाही टाकत?"
याचं उत्तर तिनं बत्तीस वर्षांत शंभरदा दिलं होतं :
पूर्वी म्हणायचे, मग म्हणणं सुटलं, खूण राहिली.
आज घशातच राहिलं.
समोर बसला होता त्याच्या नेमका उलट,
रोज म्हटला जाणारा,
रांगेत, मैदानावर, "थेरॉन, बूट!" म्हणून दारात,
आणि लिहिलेला कुठेच नाही.

मे महिन्यात आकडे आले.
वीसपैकी पंधरा. हवे होते सोळा.
ब्री नोलास्को : पंचावन्न.
कडेवरच्या चौघांतली ती.
लॉर्नानं तिचा पेपर तीनदा तपासला,
कुठेही अर्धा गुण सांडलेला नव्हता.
तिच्या नावाशी बोट ठेवून ती बराच वेळ बसली.
कुणी विचारलं असतं, पुन्हा तसंच करशील का,
तर ती हो म्हणाली असती,
पण ब्रीकडे बघून नाही.

त्या दुपारी थेरॉन टेबलापाशी आला,
उलट्या बाजूनं कागदावर बोट फिरवू लागला.
"पार… टी… नाही, पार-शि-अ-ली.
पार्शली. पार्शली मेट."
मग कपाळाला आठ्या :
"मिस, हा टी 'श' कसा झाला?
आणि हे कुणाबद्दल लिहिलंय?"

बाहेर ब्री दोरीवरच्या उड्या मोजत होती,
त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न,
दोरी अडकली, तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

"आधी टीचं सांगते," लॉर्ना म्हणाली.