बत्तीस कंबर, आखूड पाय

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा. मुनोतांच्या दुकानात
हेल्मेटं, गमबूट, पिवळी जाकिटं
आणि मागच्या भिंतीला उलट्या टांगलेल्या दोन विजारी,
यांत्रिक करवत चालवणाऱ्यांच्या.

रोहिदास म्हणाला, ताई, तू कापडातली. तूच बघ.

तर मी बघितलं.
आधी वजन: ओल्या गोधडीगत हात खाली ओढणारं.
मग शिवण: दुहेरी, सरळ, कुठे टाका चुकलेला नाही.
मग उलटी करून अस्तर,
आणि अस्तरामागे काहीतरी गुबगुबीत,
चिमटीत धरलं की सरकणारं, कशालाच न बांधलेलं.
हे आत मोकळंच सोडलंय, मी म्हटलं. शिवायचं राहिलं का?

मुनोत हसले नाहीत. काउंटरखालून त्यांनी काढला
एक कापलेला पाय. म्हणजे विजारीचा.
मांडीवर चीर, आणि चिरेतून
पांढऱ्या धाग्यांचं जंजाळ बाहेर,
शेवरीचं बोंड फुटावं तसं.
साखळी कापडात शिरली की हे धागे निसटतात, ते म्हणाले,
तिच्या दातांना गुंडाळतात,
चक्राच्या पोटात जाऊन बसतात.
मशीन गुदमरते. पाय राहतो.
एकदाच. मग ही टाकून द्यायची.

वीस वर्षं मी वर्तकनगरच्या नाक्यावर
धागा सुटू नये म्हणून बसलेय.
सुटलेला धागा म्हणजे गिऱ्हाईकाची कटकट,
पैसे परत, वर माझीच लाज.
आणि इथे अकरा हजारांचं कापड
ज्याचं सगळं शहाणपण उसवण्यात.
(ठेकेदार निम्मे देणार होता.
निम्मे म्हणजे किती, ते त्याचं अजून ठरायचंय.)

दोन जाती होत्या. एकीला फक्त पुढून कवच,
हलकी, मागून वारा लागणारी.
दुसरीला चहूबाजूंनी.
मे महिना, दहालाच पत्रा तापतो,
रोहिदासचा हात हलकीवर.
तू जमिनीवर उभा राहून कापतोस का? मी विचारलं.
नाही.
मग कसा असतोस, दाखव.

त्याने दाखवलं. दुकानाच्या मधोमध,
एक पाय मुनोतांच्या शिडीवर, एक हवेत,
कमरेतून वळलेला, डाव्या हातात नसलेला दोर.
येऊरला पाटोणपाड्यात
चड्डीवर ताडाला भिडायचा, तो हाच,
मी खालून ओरडायची, आईला सांगीन.
आता त्याची पोटरी मागून अख्खी माझ्यासमोर.
फांदी कुठे फिरेल आणि करवत कुठून येईल
हे झाडच ठरवतं, असलं काही मी बोलले नाही.
नुसतं पोटरीला बोट लावलं.
मुनोतांनी दुसरी खाली काढली.

घोळ झाला लांबीचा.
थंड मुलखातल्या उंच माणसांचं माप,
रोहिदासच्या टाचेखाली वीतभर लोळण.
मी सवयीने खडू काढला.
नको, मुनोत म्हणाले. कापायचं नाही, टीप मारायची नाही.
टाका आत गेला की धागे जखडतात,
मग वेळेला सुटत नाहीत.
खडू परत पिशवीत.

आखूड पायाची मागवली. नऊ दिवस लागले.
नऊ दिवस तो साध्या सुती पँटीत
कोपरीच्या पर्जन्यवृक्षांवर होता
आणि मी इथे
एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उलट्या लावल्या,
दुसऱ्याला तीन काजं, बटणं चार.

आता ती आमच्या दोरीवर वाळते.
पिळायची नाही, धोपटायची नाही, इस्त्री तर नाहीच.
घरातला एकच कपडा, माझी सुई न लागलेला.
काल उलटी केली तर गुडघ्याच्या आतून
सात उंबील निघाले, तांबडे, जिवंत.
सहा पळाले.
एक तसाच अस्तराला चावा घेऊन,
ओढतोय, ओढतोय,
जणू आत काय आहे ते त्याला ठाऊक आहे.