अर्धा मिलिमीटर

अर्धा मिलिमीटर.
एवढाच सरकला होता लाल.
धुळ्यात, पाचव्या गल्लीत, एप्रिलची दुपार,
पंखा मशीनकडे वळवलेला, माणसांकडे नाही,
आणि मी, भाऊलाल मशीनमन,
भिंग लावून फुलीवर फुली जुळवत होतो.
निळ्याची जुळली. पिवळ्याची जुळली.
लालाची जुळेना, आणि वीज जायची वेळ झालेली.
म्हटलं, चालतंय. कॅसेटचं तर कव्हर.

फोटो दोंडाईच्याचा.
मिरचीच्या पथारीवर ठगूबाई,
देठं खुडणारी, रोजानं,
आवाज असा की सुपडू फोटोग्राफर म्हणायचा
बाई, गाऊ नको, काच तडकेल.
अंगात लाल पोलकं.
मागे लाल, पुढे लाल, मांडीवर ओंजळभर लाल,
पदर घामानं गोळा होऊन बाजूला पडलेला
आणि हसताना मान मागे.

माझ्या अर्ध्या मिलिमीटरनं
पोलक्याची कड खाल्ली.
बाही कुठे संपते, मिरची कुठे लागते,
कळेना.
बाई मिरच्याच नेसून बसलीय
हे पहिल्यांदा कोण बोललं, माहीत नाही.
संध्याकाळपर्यंत आग्रा रोडवर
सगळ्यांनी बघितलं होतं,
ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांनीसुद्धा.

मग मंडळ आलं.
निवेदन आलं, तीन प्रतींत,
आमच्याच प्रेसमध्ये छापलेलं, उधारीवर.
फौजदार म्हणाले, झाका.
किती झाकू, साहेब?
त्यांनी कव्हरवर अंगठा टेकवला.
गळ्यापासून कमरेपर्यंत बरोबर मावला.
त्या अंगठ्याच्या मापानं
काळ्या कागदाच्या तीन हजार चिठ्ठ्या कापल्या मी.
बायको, दोन्ही पोरी, शेजारची निंबाबाई
रात्रभर खळ लावत बसल्या.
धाकटी विचारायची, हिला काय झालंय?
छपाई चुकलीय, म्हटलं.
खरंच तर बोललो.

आधी दिवसाला पाच जायच्या.
चिठ्ठी लागली आणि
साक्री, शिरपूर, नंदुरबार, पार सुरतेहून फोन.
पोरं नखानं काळं खरवडायची,
थुंकी लावून, रॉकेल लावून.
खाली काय? लाल.
नुसता लाल.
पैसे परत मागायला कुणी आलं नाही.
कोणत्या तोंडानं येणार?

गाणी होती आठ.
बी बाजूचं तिसरं वजनकाट्याचं,
मणामागे दोन शेर कोण खातो, नावानिशी.
निवेदनावरची पहिली सही
त्याच नावाची.
त्या गाण्याला चिठ्ठी लावायची
गरजच पडली नाही.

एक दिवस ठगूबाई प्रेसवर आली.
एस.टी.नं, तेच पोलकं घालून.
दारातल्या उन्हात उभी राहिली,
दोन्ही हात लांब धरून, बोटं तिखटानं सुजलेली.
"हाई दखा. हाई पोलकं.
आते सांगा, मी कोठे उघडी शे?"

मी सांगायला लागलो,
रजिस्टर, प्लेट, फुली.
तिनं भिंग घेतलं माझ्या हातातून,
कव्हरला लावलं, स्वतःच्या खांद्यावर फिरवलं
बराच वेळ.
"ह्या ते नुसता ठिपका शेतस."
हो, म्हटलं. ठिपकेच असतात.

बिनचिठ्ठीचं एक मागितलं तिनं.
एकही नव्हतं.
रद्दीत एक कागद सापडला, लाल चढण्याआधीचा,
पिवळ्या मिरच्या, पिवळं पोलकं,
हळद लागल्यासारखी ठगूबाई
आणि निळ्या सावलीत
बाहीची शिवण न् शिवण.
घडी करून तिनं पोलक्यात ठेवला.
जाताना म्हणाली, ते भिंग पण दे.

भिंग दिलं नाही मी.
धंद्याची वस्तू.
आता मशीन भंगारात गेलं,
भिंग टेबलाच्या खणात आहे, आणि
पेपर वाचायलासुद्धा मी ते लावत नाही.