दोनशे तेरावा फॉर्म

परदेशी मुलांचे दोनशे बारा फॉर्म आलेत भरून.
मी एकेक उघडते, आकडा टाकते, एंटर मारते.
वसतिगृह: तीन. मेस: दोन. ग्रंथालय: चार.
एक म्हणजे फार वाईट, पाच म्हणजे फार छान,
आणि तीन म्हणजे
(हे मला चाळीसाव्या फॉर्मला कळलं)
कुणाला वाईट वाटू नये.

टांझानियाचा बराका सगळीकडे तीन देतो.
खाली 'इतर सूचना'च्या दोन ओळींत, बारीक अक्षरात:
रविवारी संध्याकाळी मेस बंद असते.
त्या दिवशी मी झोपून घेतो.

याला आकडा कोणता?
हुंदरे सर म्हणाले, वाक्यं सोडा की हो,
मशीनला वाक्यं चालत नाहीत.
मी ती जुन्या डायरीत उतरवून घेतली.

केलांतानची फतिहा लिहिते,
बसची पाटी वाचता येत नाही,
ड्रायव्हरच्या मिशांवरून ओळखते मी बस.
मला हसू आलं, मग आपोआप गेलं.
आमची आई येळ्ळूरहून भाजी घेऊन येते.
कानडी बोलते फर्डं, भांडते तर कानडीतच,
पण पाटी तिलाही लागत नाही.
'तिसऱ्या गेटाला जाते काय गं ही?'
स्टॉपवरच्या पोरीला विचारते,
आणि ती पोर असते एखादी फतिहा.
दोघी मग त्याच मिशांच्या भरवशावर चढतात.

मीटिंगला भिंतीवर रंगीत गोल आला,
कापलेल्या भाकरीगत.
सरासरी तीन पूर्णांक दोन. समाधानकारक.
चहा आला. बिस्किटं आली.
माझं काम प्लग बघायचं,
पण मी डायरी उघडली:
रविवारी एकोणसाठ जण झोपून घेतात.
कुणी दमून, असं लिहिलेलं नाही.

हिरेमठ मॅडमनी चष्मा काढला.
'ऊटा इल्ला?'
सबंध मीटिंग इंग्रजीत चालवलेल्या बाईंच्या तोंडून
घरचा शब्द निसटला.

पुढच्या महिन्यापासून रविवारी साडेसातला भात आणि सार.
लोणचं मिळेल की नाही, ठरायचंय.
बसची पाटी आपल्या कक्षेत येत नाही,
असं इतिवृत्तात आहे. मीच टाइप केलं.

संध्याकाळी एक कोरा फॉर्म उरला होता.
वॉचमन किल्ल्या वाजवत खालच्या मजल्यावर,
म्हणजे दहा मिनिटं तरी होती.
देश: भारत.
मेस: लागू नाही.
मातृभाषा: लिहिली, आणि उगाच दाराकडे बघितलं.
शेवटचा प्रश्न:
या गावात तुम्हाला आपलं वाटतं का?
जन्म इथला. शाळा इथली. आजोबांची राख मार्कंडेय नदीत.
पेन्सिल बराच वेळ हातात.

तीन.

मग फॉर्म डायरीत घातला
आणि वर आकडा कळवला, दोनशे बारा.